तारण हातचं जातं का?

प्रश्न : आमच्या शेजारी तीस वर्षांपासून एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. घरातल्या बाई दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, त्या मला भाऊ म्हणतात. त्यांचा मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे. दोन वर्षांपासून त्याचं चर्चला जाणं बंद आहे. मागच्या अंगारकीला तो सुट्टीवर आला, मित्रांबरोबर गणपतीच्या रांगेत उभा राहिला, प्रसाद खाल्ला. लहानपणी तो यात्रेत फिरायचाच, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. पण या वेळी बाहेरगावच्या एका प्रचारकांनी सिस्टरना सांगितलं की तुमच्या मुलाचं तारण गेलं. जालन्याचे त्यांच्या ओळखीचे पाळकसाहेब नेमकं उलट म्हणतात : एकदा झालेलं तारण जात नाही. सिस्टरचं तेव्हापासून जेवणावरून मन उडालं आहे. मी माळकरी माणूस, मला यातलं कळत नाही. ख्रिस्ती माणसाचं तारण खरंच जाऊ शकतं का? दोघांपैकी कोणाचं बरोबर? आणि आम्ही शेजाऱ्यांनी काय बोलावं?
— एक वाचक, राजूर, ता. भोकरदन, जि. जालना

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. विचारलंय धर्मशास्त्राबद्दल, पण पत्रभर दिसत राहते ती ताटावरून उठलेली आई. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलो. हाच वाद आमच्या ओसरीवर चालायचा. आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, आजी मुक्तिफौजेच्या, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीच्या, घरातून आलेली. दरवर्षीच्या मोठ्या सभेत आजी उठून पुढच्या बाकापाशी जायची, गुडघे टेकायची, रडायची. घरी आल्यावर आजोबा म्हणायचे, "अगं, एकदा तारण झालं ना तुझं? मग दरसाल कशाला?" आजी म्हणायची, "झालंय म्हणूनच जाते." दोघांचा संसार 50 वर्षं झाला, हा मुद्दा काही मिटला नाही.

आधी शब्द सोडवू. मराठी ख्रिस्ती माणूस मोक्ष क्वचित म्हणतो, मुक्ती कधीकधी, तारण मात्र रोज. आणि राजूरच्या बाजारपेठेत तारण म्हटलं की डोळ्यांपुढे येतं सोनेतारण कर्ज. पेरणीला पैसे हवेत म्हणून पाटल्या पतसंस्थेत ठेवायच्या, कापूस विकला की सोडवून आणायच्या. व्याज थकलं की नोटीस येते, नोटिशीनंतर लिलाव. मला वाटतं, सिस्टरच्या मनात नकळत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. लेकाने उपासनेचे, प्रार्थनेचे हप्ते थकवले, आणि आता कुणीतरी येऊन लिलाव झाल्याचं सांगून गेलं.

ख्रिस्ती तारणाचा व्यवहार याच्या उलट चालतो. ते तारण 'बुडत्याला तारणं' यातलं. बुडणाऱ्याने काठावर काही ठेवलेलं नसतं, त्याच्याकडे ठेवायला काही नसतंच. तारणारा पाण्यात उतरतो. तारण कृपेने मिळतं, विश्वासाने घेतलं जातं, कमाईने मिळत नाही, हे तुमच्या पत्रातल्या दोन्ही गुरुजनांना मान्य असणार. भांडण पुढचं आहे. काढून काठावर ठेवलेल्या माणसाने पुन्हा पाण्यात उडी घेतली तर?

पण त्याआधी प्रसादाचं. या एका गोष्टीने सिस्टर सर्वांत जास्त घाबरल्या आहेत, आणि नेमकं यावर बायबलमध्ये प्रेषित पौलाने सविस्तर लिहून ठेवलं आहे. करिंथ हे ग्रीस देशातलं मंदिरांचं आणि बाजाराचं शहर. तिथे देवळात वाहिलेलं अन्न लोकांच्या ताटात यायचंच. नव्या ख्रिस्ती मंडळीत तट पडले : खावं की नाही? करिंथकरांस पहिल्या पत्राचा 8वा ते 10वा अध्याय याच प्रश्नाला दिलेला आहे. पौल म्हणतो त्याचा आशय असा, की अन्न आपल्याला देवाजवळ नेत नाही आणि खाल्ल्या-न खाल्ल्याने आपण कमी-जास्त होत नाही. मात्र ज्या भावाचं मन त्या गोष्टीने दुखावतं त्याच्यासमोर आपलं स्वातंत्र्य मिरवू नये. तोच पौल पुढे बजावतो की प्रभूच्या मेजावर आणि दुसऱ्या मेजावर एकाच वेळी भागीदार होता येत नाही. म्हणजे त्याच्या लेखी ही बाब क्षुल्लक नव्हती. ख्रिस्ती आईला मुलाच्या रांगेत उभं राहण्याने वाईट वाटलं तर ते तिच्या विश्वासाला धरूनच आहे, आणि यात तुमच्या गणपतीचा अनादर नाही. माळकऱ्याला पोराच्या ताटात मटण दिसलं तर जसं तुटतं तसंच ते. पण प्रसादाच्या घासाने तारण गेलं, असा निवाडा पौलाने करिंथच्या कुणावरही दिलेला नाही, आणि तिथले लोक तुमच्या सिस्टरच्या मुलापेक्षा फार पुढे गेलेले होते.

आता मूळ वाद. 'तारण जात नाही' म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम आधार मला एका व्यापारी शब्दात दिसतो. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल पवित्र आत्म्याला ग्रीकमध्ये 'अर्राबोन' म्हणतो. मराठी बायबलने तिथे 'विसार' हा शब्द घातला. बोलताना आपण 'इसार' म्हणतो. जमिनीचा सौदा ठरला की इसार पावती होते. घेणाऱ्याने रक्कम हातावर ठेवली, आता तो मागे फिरला तर रक्कम बुडते. पौलाच्या सौद्यात घेणारा देव आहे आणि इसार म्हणून त्याने स्वतःचा आत्मा दिला आहे. देव मागे फिरला तर बुडणार काय? त्याचं स्वतःचंच. ज्याने ही कल्पना 'विसार' या शब्दात बसवली त्या अनुवादकाला मी मनातून नेहमी हात जोडतो. त्याच्या जोडीला योहानाच्या शुभवर्तमानाचा 10वा अध्याय येतो. तिथे येशू म्हणतो की त्याची मेंढरं त्याच्या हातातून कोणी हिसकावणार नाही, आणि त्या हातावर पुन्हा पित्याचा हात आहे. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात पौल मरणापासून देवदूतांपर्यंत सगळ्यांची नावं घेतो आणि यातलं काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही असं सांगतो.

समोरची बाजू म्हणते, हिसकावणार नाही हे मान्य. पण मेंढरू आपल्या पायांनी कुंपण ओलांडून गेलं तर? त्यांचा आधारही मराठी बायबलच्या त्याच ओळीतल्या दुसऱ्या एका शब्दात आहे. तो शब्द 'वतन'. स्वर्गीय वारशाला आपल्या जुन्या अनुवादकांनी वतन म्हटलं, आणि वतन म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वतन बापाकडून येतं, कमवावं लागत नाही. पण नादान वारस ते घालवू शकतो. इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायात एसावाचं उदाहरण आहे. त्याने मसुराच्या वाटीभर कालवणासाठी थोरलेपणाचा हक्क विकला आणि पुढे रडूनही तो परत मिळाला नाही. त्याच पत्राचा 6वा अध्याय याहून कठोर आहे. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दान चाखलं, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतन पावले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असा त्याचा आशय. हा भाग मी कितीदा वाचला असेल, तरी आत काहीतरी हलतंच.

पहिल्या बाजूचे काही जण इथे खुलासा करतात की त्या लोकांनी नुसतं चाखलं, गिळलं नाही, म्हणजे ते खरे विश्वासणारे नव्हतेच. मला हा खुलासा ओढूनताणून केलेला वाटतो. पवित्र आत्म्याचा भागीदार म्हणजे आणखी कोण असतो? पण प्रचारकांनाही हा अध्याय वाटतो तितका कामाचा नाही. त्यांनी सिस्टरना बहुधा असं सांगितलं असेल की तारण गेलं, आता मुलाने पश्चात्ताप करून परत मिळवावं. हा अध्याय तर परत आणणं अशक्य म्हणतो. तो मुलाला लावायचा तर पुढची आशा काढून टाकावी लागते, आणि आशा ठेवायची तर हा अध्याय त्याला लागू नाही असं म्हणावं लागतं. दोन्ही एका दमात सांगता येत नाही. शिवाय पत्र लिहिलं होतं छळाला कंटाळून ख्रिस्त सोडण्याच्या बेतात असलेल्यांना, आणि इशारा दिल्यावर चारच ओळींत लेखक वाचकांना सांगतो की तुमच्याबद्दल मला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. काठावरून ओरडणारा माणूस बुडणाऱ्याला मेलेला समजत नाही, म्हणून तर ओरडतो.

पडलेल्यांना परत घ्यायचं का, हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात आला तो इ.स. 250 मध्ये. रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला : प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे पपायरसवरचे दाखले सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते चर्चच्या दाराशी आले. रोमचा नोव्हेशियन म्हणाला, यांना आत घेता येणार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, पश्चात्तापाला वेळ द्या, पारखून घ्या, पण दार बंद करू नका. चर्चने सिप्रियनचं ऐकलं. हा सिप्रियन पुढे 258 साली श्रद्धेसाठी स्वतः मारला गेला. ज्याने स्वतःची मान दिली त्याने घाबरलेल्यांची बाजू घेतली, हे मला फार मोठं वाटतं.

'जात नाही' या मताची पद्धतशीर मांडणी पुढे युरोपात झाली. हॉलंडमध्ये आर्मिनियस या धर्मशास्त्रज्ञाच्या अनुयायांनी 1610 साली आपली पाच कलमं मांडली. गंमत अशी की खरा विश्वासणारा कायमचा पडू शकतो का, यावर पाचव्या कलमात त्यांनी ठाम उत्तर दिलंच नाही, आणखी शोध घ्यायला हवा असं म्हटलं. 1618-19 मध्ये डॉर्टच्या धर्मसभेने मात्र ठाम उत्तर दिलं : देवाने निवडलेला शेवटपर्यंत टिकतो, कारण टिकवणारा देव आहे. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीच्या 17व्या अध्यायात हेच आहे, आणि ती कबुली स्कॉटलंडच्या चर्चने आपली मानली.

स्कॉटलंडचं नाव काढलं, कारण तिथून वाट सरळ तुमच्या जिल्ह्यात येते. तुमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या जालन्यात, निजामाच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात स्कॉटिश फ्री चर्चचं काम उभं राहिलं ते नारायण शेषाद्री या मराठी माणसामुळे. निजामाचे दिवाण सर सालार जंग यांनी जमीन दिली, आणि जालन्याजवळ मुख्यतः मांग आणि महार समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचं बेथेल हे गाव वसलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. भावाला फसवून पळालेला याकोब उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपला, स्वप्नातून उठला आणि त्या जागेला त्याने हे नाव दिलं. 1873 साली न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत शेषाद्री बोलले तेव्हा अमेरिकन लोकांना जालना हे नाव कळलं.

तुमच्या प्रश्नाशी त्यांचं नातं त्याही आधीचं आहे. 1843 मध्ये मुंबईत, तरुण ब्राह्मण विद्यार्थी असताना, नारायणने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या आसपासचा, त्याच्यामागून मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. वडील कोर्टात गेले. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलगा अज्ञान आहे म्हणून त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. आणि मग मराठी समाजात दुसरा वाद पेटला. मिशनऱ्यांकडे राहिलेला, त्यांच्यात जेवलेला मुलगा पुन्हा ब्राह्मण होऊ शकतो का? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी ठाम भूमिका घेतली की प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं. सनातन्यांचा विरोध त्यांनी अंगावर घेतला. मुंबईची ब्राह्मण मंडळी या एका पोरावरून दुभंगली.

त्या घराचा विचार करा. थोरला अशा चर्चमध्ये गेला जे म्हणतं, देवाने धरलेला शेवटी पडत नाही. धाकटा अशा समाजात परतला जिथे एकदा पडलेल्याला उभं करता येतं का यावर पंडित भांडत होते. जेवणावरून, कुणाच्या पंगतीत बसलास यावरून, एका बारा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या आयुष्याचा निवाडा होत होता. राजूरच्या तुमच्या गल्लीत आज नेमकं तेच चाललं आहे, फक्त बाजू बदलल्या आहेत. या प्रकरणातलं जांभेकरांचं धैर्य मला आपलं वाटतं, मी ख्रिस्ती असलो तरी. मुलाला बाहेर ठेवण्यापेक्षा आत घेण्याची वाट त्यांनी शास्त्रात शोधली.

तेव्हा जालन्याच्या पाळकसाहेबांचं म्हणणं आकाशातून पडलेलं नाही, त्यामागे ही परंपरा असावी. प्रचारकांच्या म्हणण्यामागेही परंपरा आहे. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट पंथाने सुरुवातीपासून शिकवलं की विश्वासणारा मागे घसरू शकतो आणि परतही येऊ शकतो. 1882 साली मुंबईत उतरलेली मुक्तिफौजही तेच मानते : तारणात टिकून राहणं हे आज्ञाधारक विश्वास चालू ठेवण्यावर अवलंबून आहे. माझी आजी त्या बाकापाशी जायची ती यामुळे. कॅथलिक शिकवण आणखी वेगळी. ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 साली सांगितलं की खास दैवी प्रकटीकरणाशिवाय कुणी आपल्या शेवटच्या तारणाची खात्री मिरवू नये. गंभीर पापाने कृपेची अवस्था जाते आणि पापनिवेदनाने, ज्याला गोव्याकडे कुमसार म्हणतात, ती परत मिळते. बाप्तिस्म्याची खूण मात्र कधीच पुसली जात नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तेव्हापासून स्कॉटिश परंपरेतल्या प्रेस्बिटेरियनांची नातवंडं आणि ब्रिटिश मेथडिस्टांची नातवंडं एकाच बाकावर बसून एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेतात. एकत्र यायला हा वाद मिटवावा लागला नाही.

तुम्ही माळकरी आहात, म्हणून तुम्हाला हे परकं वाटू नये. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचे याच प्रश्नावरून दोन पंथ झाले. वडकलै म्हणतात, भक्त माकडाच्या पिलासारखा : आई उडी मारते, पण पोटाला घट्ट धरायचं काम पिलाचं. तेंकलै म्हणतात, भक्त मांजरीच्या पिलासारखा : मांजरी त्याला मानगुटीला धरून नेते, पिलाने काही करायचं नसतं. सिस्टरचे पाळकसाहेब मांजरीच्या बाजूचे, प्रचारक माकडिणीच्या. आणि आपल्या गावात कुणाची माळ मोडली तर आपण काय करतो? महाराजांपुढे चूक कबूल करायची, पुन्हा माळ घालायची. पांडुरंगाने त्याला टाकलं असं माळकरी म्हणत नाही.

बाप्तिस्मा झाला म्हणजे तारण झालं, असं सरळ गणितही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे त्यांनी स्वतः लिहिलं की ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षं गेली. इतकी बुद्धीची, इतकी निग्रही बाई, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं चाचपडत होती. त्या काळात त्यांना बाहेरून पाहणाऱ्या एखाद्याने निकाल दिला असता तर काय दिला असता? आणि तो केवढा चुकला असता! केडगावचं मुक्ती मिशन, मूळ भाषांवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद, हे सगळं त्यानंतरचं.

आता कोणाचं बरोबर? टाळाटाळ न करता माझं मत सांगतो. मला पाळकसाहेबांचं पटतं, कारण विसार देवाने दिला आहे आणि मी दिलेला नाही. माझ्या मुठीवर माझा भरवसा नाही. पण त्यांच्या म्हणण्याला एक पोटकलम आहे आणि ते सहसा मोठ्याने वाचलं जात नाही. कोणी शेवटपर्यंत परतलाच नाही तर ही परंपरा म्हणते की त्याचं तारण गेलं नाही, ते मुळात झालंच नव्हतं. योहानाच्या पहिल्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाचा आधार त्यासाठी देतात. म्हणजे 'जात नाही' हे वाक्य आईला वाटतं तेवढं ऊबदार नाही. एक म्हणतो, मुलाकडे होतं ते गेलं. दुसऱ्याच्या पोटात दडलेलं आहे, की कदाचित कधी नव्हतंच. आज, मुलाचं आयुष्य अजून पुढे असताना, या दोघांनाही एवढंच म्हणता येतं की गोष्ट अजून संपलेली नाही. ज्याला ती संपल्याचं जाहीर करायचं असेल त्याच्याकडे शेवटचं पान असायला हवं. ते कुणाकडेच नाही. म्हणून प्रचारकांचा निकाल मला चुकीचा वाटतो, आणि तो एका आईला असा सांगणं मला क्रूर वाटतं. त्यांचा पंथ चुकीचा म्हणून नव्हे. त्यांच्याच पंथाचा वेस्ली घसरलेल्यांना शोधत आयुष्यभर घोड्यावरून हिंडला.

इशारे आणि वचनं दोन्ही एकाच बायबलात आहेत, आणि मला वाटतं ती वेगवेगळ्या रोग्यांसाठी आहेत. एसावाची गोष्ट त्याला सांगावी जो म्हणतो, माझं तारण पक्कं आहे, मी काहीही करीन. विसाराची गोष्ट त्याला सांगावी ज्याचा जेवणावर जीव नाही. सिस्टरना चुकीच्या बाटलीतलं औषध दिलं गेलं आहे, आणि त्या स्वतः नर्स आहेत, त्यांना हे चटकन कळेल.

येशूला धरलं त्या रात्री त्याच्या बारा जवळच्यांपैकी दोघे उघडपणे पडले. पेत्राने तीनदा सांगितलं, शपथही घेतली, की मी त्याला ओळखत नाही. यहूदाने पैसे घेऊन धरून दिलं. दोघांनाही पश्चात्ताप झाला, यहूदाने पैसे परत नेऊन टाकले. पण यहूदा एकटा गेला आणि गळफास घेतला. पेत्र रडला, आणि पुन्हा त्या बाकीच्यांत येऊन बसला. त्या खोलीत त्याला जागा होती. कुणी त्याला दारात अडवून तुझं गेलं असं म्हटलं नाही.

तुम्ही काय बोलावं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. धर्मशास्त्र बोलू नका, ते मी बोललो, हा अंक त्यांना द्या. सिस्टरना एवढं विचारा की मुलाला शेवटचा फोन कधी केला. माझा अंदाज आहे की अंगारकीपासून त्या दोघांत मोकळं बोलणं झालेलं नाही. त्यांनी फोन करावा, आणि पहिल्या फोनमध्ये चर्चचा विषय काढू नये. लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातला उधळ्या मुलगा परत येताना बापापुढे म्हणायचं वाक्य पाठ करून आला होता. मला गडी म्हणून ठेवा, असा त्याचा शेवट होता. बापाने त्याला तिथवर पोचूच दिलं नाही. आधी अंगरखा मागवला, बोटात अंगठी, पायांत जोडा, आणि जेवण.

आणि पुढच्या अंगारकीला मुलगा आला तर त्या मायलेकांना तुमच्याकडे जेवायला बोलवा. अंगारकीच्या दिवशी नको, चंद्रोदयानंतरच्या पंगतीत सिस्टरचं मन अवघडेल, आणि पौलाने करिंथकरांना सांगितलं ते याच अवघडलेल्या मनाला जपण्याबद्दल होतं. दुसऱ्या दिवशी, साधी भाजीभाकरी करा, आणि सिस्टरचं पान मुलाच्या शेजारीच मांडा.